मुंगीही न मारणारी कादंबरी

कॅनबेराच्या गुंगालिनमध्ये त्या जूनला बातमी अशी होती, की कादंबरी पोंक्षे नवऱ्याला उडवणार आहे, आणि तेही आवाज न करता.

बातमीचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. विनीता सुखटणकर कादंबरीकडे मेथी आणायला गेली होती. कादंबरी जुड्या बांधायला मागच्या दारी गेली, तेवढ्यात विनीताने ओट्यावरचे कागद वाचून काढले. ती कुणाच्याही घरचे वाचते; फ्रिजवर चिकटवलेली डेंटिस्टची तारीखसुद्धा सोडत नाही. वरच्या कागदावर ‘सायलेन्सर’ असं लिहिलेलं. त्याच्याखाली हृषीकेश पोंक्षेच्या आयुर्विम्याचं पत्र. आता या दोन कागदांची बेरीज कुणीही करील, आणि विनीता तर शाळेत गणितात पहिली यायची. मेथी घेऊन ती घरी पोचेस्तोवर मराठी मंडळाच्या निम्म्या बायकांना हृषीकेशची काळजी लागली होती.

वॉलॉंगॉंगला युनीत शिकणाऱ्या लेकीपर्यंत बातमी गेली. चिन्मयीचा फोन आला, “आई, आर यू किलिंग बाबा? श्रियाची मम्मी सांगत होती.”

“अजून ठरलं नाही,” कादंबरी म्हणाली. “या शुक्रवारी कचऱ्याचा डबा बाहेर काढतो का ते बघते, मग ठरवते.”

हृषीकेशला मात्र मजा येत होती. लाइट रेलमध्ये ओळखीचे लोक त्याला उठून जागा देत होते.

खरी गोष्ट सशांची होती. कादंबरीकडे सशांसाठी एक छोटी पॉइंट टू टू रायफल होती, रीतसर परवान्याची. तिच्या नळीला लावायचा सायलेन्सर तिला हवा होता. तो न्यू साऊथ वेल्समध्ये सहज मिळत नाही. वेगळा परवाना काढावा लागतो, आणि कारण पटवून द्यावं लागतं.

कादंबरी मूळची पुण्याची, सहकारनगरची, आता एक्कावन्न वर्षांची. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, आणि घरी हेच काम फुकट करते. चिन्मयी युनीत गेल्यावर हिने कॅनबेराची हद्द ओलांडून गनिंग गावाच्या अलीकडे घेतलेल्या पंचवीस एकरांवर मुक्काम हलवला. लॅपटॉप तिथेच. हृषीकेश आठवडाभर गुंगालिनला राहतो आणि शुक्रवारी आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, डबे घेऊन तिकडे जातो.

पहिल्या वर्षी तिने तिथे हरभरा पेरला. आपल्या माणसांना इथे सगळं मिळतं, पण ओले सोलाणे मिळत नाहीत. नोव्हेंबरात अख्खं गुंगालिन तिच्या वावरात उकिडवं बसून घाटे सोलत होतं. आयटीतली मोठमोठी माणसं, बोटं हिरवी, दाढीला साल चिकटलेली. गुरुदत्त सुखटणकर, विनीताचा नवरा आणि मंडळाचा सेक्रेटरी, त्याने तर जाताना तीन पिशव्या भरून नेल्या आणि ग्रुपवर लिहिलं, ‘मातीशी नातं.’

दुसऱ्या वर्षी सशांनी नातं जोडलं. ओढ्याच्या काठाला त्यांनी इतकी बिळं केली, की काठ जाळीसारखा झाला आणि पावसात खचला. हरभऱ्याचा कोवळा शेंडा एका ओळीत कातरलेला असायचा आणि त्या ओळीत काळ्या लेंड्यांचा सडा. कादंबरी तो सडा रोज सकाळी बघायची आणि तोंड फिरवायची. पंचायतीसारखं इथलं जे ऑफिस असतं त्यांचं पत्रही आलं: तुमच्या जमिनीवरचे ससे आवरणं ही तुमची जबाबदारी.

आधी तिने विष वापरलं. गाजराचे विषारी तुकडे मिळतात, ते टाकले. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे एक ससा सापडला. मेलेला नव्हता. कुशीवर पडून पाय झाडत होता, नाकातोंडातून रक्त, आणि एक डोळा कावळ्यांनी आधीच काढून नेलेला. कादंबरीने फावड्याने त्याला संपवलं आणि त्याच टाकीमागे पोटातलं सगळं ओकून टाकलं. मग उरलेले तुकडे एक एक वेचून परत डब्यात भरले. त्या दिवसापासून तिला गाजराची कोशिंबीर बघवत नाही.

म्हणून बंदूक. सेफ्टीच्या कोर्सला चौदा हॅटवाले पुरुष आणि ही एक कुर्तीवाली. शिकवणारा तिला ‘लव्ह, लव्ह’ करत होता; नेमबाजी झाल्यावर ‘मिसेस पोंक्षे’ म्हणायला लागला. जन्म शाकाहारी घरातला, आणि मारलेला ससा उचलताना तिला आजही शिसारी येते. ऊन ऊन असतो तो, मऊ, आणि पिसवा त्याच्या अंगावरून हिच्या मनगटावर येतात. पण एका गोळीत जातो. त्याला कळतही नाही, आणि कळायला नकोच, एवढंच तिचं म्हणणं.

पहिली अडचण कानाची झाली. कानाला मफ लावले की मागे कोण आलंय ते ऐकू येत नाही. एकदा हृषीकेश प्रेमाने चहा घेऊन पाठीमागे येऊन उभा राहिला. ही वळली तर हातात रायफल आणि समोर नवरा. तो किंचाळलाही, पण ते तिला मफमुळे ऐकू आलं नाही. चहा दोघांच्या अंगावर. (हा प्रसंग विनीताला कळला नाही हे नशीब.) मफ काढून झाडावी, तर पुढे दोन दिवस कानात रातकिडे, आणि टीम मीटिंगमध्ये “सॉरी, परत सांगा.” शिवाय पहिला बार झाला की बाकीचे ससे बिळात गडप. तासभर ओल्या गवतात पालथं पडून एक ससा, आणि वावरात तीसपस्तीस.

हे सगळं ती सोसत होती. सोसता आली नाही ती घोडी.

शेजारची डोरीन, वय पंच्याहत्तर, एकटी राहते आणि घोड्या पाळते. तिची ज्युनिपर नावाची घोडी गाभण होती. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी कादंबरीने कुंपणापासून बऱ्याच अंतरावर एक बार टाकला. ज्युनिपर उधळली आणि सरळ काटेरी तारेत घुसली. कादंबरी पळत गेली. घोडीच्या छातीचं कातडं पदरासारखं लोंबत होतं आणि थंडीत त्या मांसातून वाफ निघत होती. जनावरांच्या डॉक्टरने, वेटने, एकोणीस टाके घातले. ते घालून होईपर्यंत कादंबरी घोडीचं डोकं धरून उभी होती, आणि स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात आली नव्हती.

डोरीन ओरडली नाही. नळावर हात धुताना म्हणाली, “पिल्लू ऑक्टोबरात येईल, लव्ह. ससे माझ्याकडेही आहेत, मारू नको असं मी म्हणणार नाही. पण अजून एकदा ही तारेत गेली, तर पिल्लू गेलं.”

“ते येईपर्यंत माझ्याकडून एक बार होणार नाही,” कादंबरी म्हणाली.

“आणि तुझे ते चणे?”

“बघू.”

शब्द देऊन बसली खरी. पण हरभरा नुकताच पेरला होता. ऑगस्टात तो वीतभर होणार, आणि ऑगस्टातच सशांच्या नव्या पिढ्या बाहेर पडणार. डोरीननेच सांगितलं, की पलीकडच्या एका शेतकऱ्याकडे सायलेन्सर आहे, कागदपत्रांसकट. त्याने एकदा वाजवून दाखवला. सिनेमातल्यासारखं फुस्स वगैरे काही होत नाही. जाडजूड स्टेपलर दाबल्यासारखा खटका येतो. घोड्यांनी नुसते कान हलवले आणि परत चरायला लागल्या. कादंबरीने त्याच दिवशी अर्ज भरायला घेतला.

आणि इथे आपल्या माणसाची खोड आडवी आली. अर्ज म्हटला की आपल्याला दाखले आठवतात. साध्या ग्रंथालयाच्या कार्डालाही आपण तीन झेरॉक्स जास्त जोडतो. फॉर्ममध्ये मागितलं होतं ते तिने लिहिलंच: ससे, कान, घोडी. वर बीएस्सीची मार्कलिस्ट जोडली. कोर्सचं सर्टिफिकेट जोडलं. आणि कुणीही मागितलेला नसताना, मंडळाच्या सेक्रेटरीकडून चारित्र्याचा दाखला घेतला.

गुरुदत्तने तो आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दिला. बंद पाकीट, मागे मंडळाचा गोल शिक्का, ‘गोपनीय’. दिवसभर दुसऱ्यांचे स्वल्पविराम तपासणाऱ्या बाईने ते पाकीट उघडलं नाही. आपल्याबद्दलचं बंद पाकीट आपण उघडायचं नसतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तसंच अर्जाला टाचलं आणि पोस्टात टाकलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. नम्र, दीड पानी, नकाराचं. त्यात म्हटलं होतं, की अर्जदार नियमितपणे ससे मारतात याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. त्यांनीच जोडलेल्या पत्रात तसं नमूद आहे. सोबत त्या पत्राची प्रत. वर लेटरहेडचा गणपती आणि खाली गुरुदत्तचं सुवाच्य इंग्रजी. त्याचा आपल्या भाषेत अर्थ असा: ‘श्रीमती पोंक्षे या अत्यंत सात्त्विक, शुद्ध शाकाहारी व अहिंसक वृत्तीच्या असून त्यांनी आजवर मुंगीही मारलेली नाही. घरात आलेला उंदीरही त्या पकडून बागेत सोडतात. त्यांच्या हातून कोणत्याही जिवाची हत्या होणे संभवत नाही.’

कादंबरीने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. खिडकीबाहेर हरभऱ्याची तिसरी ओळ गेली होती. पलीकडे कुंपणापाशी ज्युनिपर, पोट जमिनीला टेकायच्या बेतात. तिने गाडी काढली आणि तडक गुंगालिन गाठलं.

शनिवार होता. सुखटणकरांच्या मागच्या अंगणात बार्बेक्यू पेटलेला. गुरुदत्त ‘मास्टर शेफ’ लिहिलेला एप्रन बांधून कोकराच्या चॉप्स उलटत होता, चिमट्यावरून चरबी थेंबथेंब निखाऱ्यात पडत होती आणि धुराने त्याचे डोळे पाणावले होते. विनीता कांदा कापत होती. ती कादंबरीला बघून थबकली आणि सुरी हळूच तिच्यापासून लांब सरकवली.

“अरे वा, कादंबरी! चिल्ड बीअर आहे, घे. तुझ्यासाठी पनीर वेगळ्या तव्यावर लावतो, टेन्शन नको.”

“मला पनीर नको. हे काय आहे?” तिने पत्र पुढे केलं.

गुरुदत्तने चष्मा कपाळावर घेतला. “चारित्र्याचा दाखला. छान लिहिलाय की!”

“मी मुंगी मारत नाही?”

“म्हणजे काय, मारतेस?”

“गुरुदत्त, मी ससे मारायचा परवाना मागते आहे. त्या अर्जाला तू लिहून दिलंस की मी काहीच मारत नाही.”

“हे बघ, तुझं चांगलंच लिहिणार ना मी! बंदुकीचा विषय आहे म्हटल्यावर त्या लोकांना वाटायला हवं, बाई सज्जन आहे.”

“त्यांना वाटलं. इतकी सज्जन वाटले की मला सायलेन्सरची गरजच नाही.”

विनीता मध्येच म्हणाली, “म्हणजे हृषीकेशचं काही नव्हतं?”

“होतं. ससे संपले की.”

गुरुदत्त हसला नाही. त्याने चिमटा खाली ठेवला आणि मंडळाच्या सभेत लावतो तो आवाज लावला. “कादंबरी, आपल्या मंडळाला वीस वर्षं झाली. आपली एक ओळख आहे इथे. त्या लेटरहेडवर ‘ही बाई ससे मारते’ असं लिहून खाली मी सही करू? गणपतीच्या खाली?”

“मग काय लिहिशील?”

“सशांचं व्यवस्थापन. ‘मारते’ शब्द नको.”

“त्यांना ‘मारते’ हाच शब्द हवाय.”

“आणि ते कसंही असो, सायलेन्सर...” त्याने नाक मुरडलं, जणू गटारात हात घालायला सांगितलं होतं. “शी गं! चोरून मारल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा विष घाल ना. विष घातलं की आपण मारलं असं होत नाही.”

निखाऱ्यावर चरबी तडतडत होती. कादंबरीला टाकीमागच्या सशाच्या डोळ्याची ती रिकामी खाच आठवली. या माणसाला ती खाच दाखवून उपयोग नाही. हा तोंड फिरवील आणि फिरवलेल्या तोंडाला अहिंसा म्हणेल. हाच गृहस्थ दरवर्षी खंडेनवमीला मंडळातर्फे शस्त्रपूजन करतो, टू डॉलर शॉपमधली प्लास्टिकची तलवार पाटावर मांडून.

“चॉप्स करपतायत,” एवढंच म्हणाली आणि निघाली.

जाताना विनीताने फाटकापाशी विचारलंच, “सोलाण्यांचं मात्र आहे ना यंदा?”

परतल्यावर कादंबरी आधी डोरीनकडे गेली. सगळं सांगितलं. डोरीनने मुंगीचा मजकूर दोनदा वाचून घेतला आणि एवढी हसली की तिला खुर्चीत बसवावं लागलं. मग तिने घोड्यांच्या खाद्याच्या पावतीमागे बॉलपेनने लिहिलं: ‘ही बाई ससे मारते. चांगली मारते. आवाजाने माझी घोडी तारेत गेली, वेटचा कागद जोडला आहे. ती गेले चार महिने शब्द देऊन गप्प बसली आहे आणि ससे तिला आणि मला खात आहेत. तिला ती वस्तू द्या.’ खाली सही, आणि घोडीच्या टाक्यांचा फोटो. या वेळी कादंबरीने मार्कलिस्ट जोडली नाही. पाकीट बंद करायच्या आधी आतलं सगळं वाचलं मात्र, दोनदा.

मग वाट बघणं आलं. महिनाभर ती रोज सकाळी हरभऱ्यात फिरायची, डबे वाजवायची, जुन्या सीड्या टांगायची. ससे सीड्यांत स्वतःचं तोंड बघून परत खायला लागायचे. एकदा तर एक गलेलठ्ठ नर तिच्या पायापासून चार हातांवर बसून शेंडा कातरत होता, जबडा आडवा फिरवत, तिच्याकडे बघत. रायफल तिजोरीत, घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत, काँक्रीटला बोल्ट मारून. हृषीकेश म्हणाला, “एक बार टाक ना. डोरीनला कोण सांगतंय?”

“घोडी सांगेल,” ती म्हणाली.

अर्धा हरभरा गेला. परवाना आला ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सायलेन्सर येऊन बसेपर्यंत सोळा तारीख. सतराला संध्याकाळी ती कुंपणापासून दीडशे पावलांवर पालथी पडली. कानाला काही न लावता. मागून हृषीकेशच्या चपला ऐकू आल्या. तिने न वळता हाताने त्याला बसवलं. खटका. गलेलठ्ठ नर जागच्या जागी आडवा झाला, बाजूच्या दोघांनी मान वर केली आणि परत खाली घातली. खटका. खटका. पलीकडे ज्युनिपरने एक कान इकडे वळवला, शेपटीने माशी उडवली.

कादंबरीने तिन्ही ससे गोळा केले, पिसवा झटकल्या, तोंड वाकडं करून खड्ड्यात टाकले आणि वर माती लोटली. हात तीनदा धुतले. बावीस तारखेच्या पहाटे डोरीनचा फोन आला. पिल्लू उभं राहिलं होतं, चार पाय चार दिशांना.

नोव्हेंबरात गुंगालिन आलं. सोलाणे यंदा निम्मेच होते, पण माणसं तेवढीच. गुरुदत्त बर्फाची एस्की भरून चॉप्स घेऊन आला होता, कारण शेतावर यायचं तर नुसतं हरभऱ्यावर कसं भागणार. ओढ्याकाठी त्याने चूल मांडली. कुंपणापलीकडे पिल्लू आईच्या पोटाखाली डोकं घालून दूध पीत होतं आणि विनीता त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकत होती.

संध्याकाळ व्हायला आली. कादंबरी सगळ्यांना चुलीच्या या बाजूला बसवून शंभरेक पावलं पलीकडे गेली आणि काठावरचे दोन ससे टिपून आली. चुलीपाशी कुणाचं बोलणंही तुटलं नाही. ससे घेऊन परत येताना दिसली, तेव्हा कुठे लोकांना कळलं. बायकांनी पदर नसलेल्या हातांनी नाकं झाकली. गुरुदत्तच्या हातात चॉप होती, हाडापर्यंत खाल्लेली, हनुवटीवर तेल.

“च्यायला, ऐकूच आलं नाही!” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा आंबला. “शी, ते लांब धर गं. आम्ही जेवतोय. खरं सांगू, कादंबरी? तुझ्यासारख्या बाईच्या हातात हे बघवत नाही. हे असं गुपचूप मारायचं, कुणाला कळतसुद्धा नाही, तुला काही वाटत नाही का?”

कादंबरीने ससे खड्ड्यात टाकले, फावडं मातीत रोवलं आणि त्याच्या हातातल्या हाडाकडे बघत म्हणाली:

“वाटतं ना. ससा मरतो तेव्हा मी तिथे असते, गुरुदत्त. तुझं कोकरू मेलं तेव्हा तू कुठे होतास?”